चौदा चकचकीत फ्लास्क

सोमवार, दुपारचे तीन

प्रिय मोजणीबाई,

सगळ्यात आधी एक कबुली. माझा गुडघा ठणठणीत आहे. शुक्रवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पंचवीस तारखेला माझी तोंडी परीक्षा आहे, सगळ्यांसमोर. तुम्ही आणि आई, दोघांनीही यायचं," आणि मी म्हणालो की गुडघ्यानं फार धरलंय, एवढा प्रवास झेपायचा नाही. ते खोटं होतं. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात मी दोन जिने चढून गच्चीवर टाकी बघायला गेलो आणि ते तुझ्या आईनं पाहिलं.  जेवताना तिनं ताटाशेजारी तेलाची बाटली आणून ठेवली आणि म्हणाली, "घ्या, चोळा. बघू, कुठला गुडघा ते तरी आठवतंय का." मी डावा म्हणालो. तुला मी उजवा सांगितला होता.

समोरासमोर मला हे सगळं बोलता आलं नसतं आणि फोनवर तर माझी बोबडीच वळते. "हं" आणि "बरं" या दोन शब्दांवर मी तुझं अख्खं कॉलेज निभावून नेलं. म्हणून हे पत्र. लांबेल. काचेचे फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या तुझ्या त्या शेकरसमोर स्टूल ओढून बस आणि सावकाश वाच. मी येणार की नाही याचं उत्तर शेवटी आहे, पण उडी मारून शेवट आधी वाचायचा नाही. लहानपणी गोष्टींची पुस्तकं तशीच वाचायचीस, मला माहीत आहे.

तुझा प्रबंध बुधवारी पोहोचला. पोस्टमनच्या हातून घेतला तेव्हा वाटलं, कुणी वीटच पाठवली. दोन दिवस मी तो नुसता काखेत धरून फिरत होतो. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "वजनाला चांगला आहे हो," तरी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग हात धुऊन, कोरडे करून, टेबलावर जुना टॉवेल अंथरून वाचायला बसलो. निम्मे शब्द डोक्यावरून गेले, पण तक्ते कळले. डाव्या रकान्यात दिवस, मग फ्लास्कचा क्रमांक, मग एका मिलिलिटरमध्ये पेशी किती, मग शंभरातल्या जिवंत किती. दोनशे अकरा पानं, आणि बहुतेक पानांवर तू मोजते आहेस. लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजायचीस, शर्टाची बटणं मोजायचीस, आई रागावली की तिची वाक्यं मोजून तिलाच आकडा सांगायचीस आणि आणखी बोलणी खायचीस. मोजणीबाई हे नाव मी थट्टेनं ठेवलं होतं. चौथ्या प्रकरणातला तो आलेख, एक रेघ वर चढणारी आणि एक आडवी पडलेली, मी शिंप्याला, शेजारच्या मावशींना आणि दूधवाल्याला दाखवून झालाय. दूधवाला म्हणाला, "वरची चांगली आहे." आभाराचं पान मात्र मी कुणाला दाखवलं नाही. त्या पानाकडे येतोच.

त्याआधी एक वाक्य, जे आपल्या घरात इतक्या वर्षांत कुणी सरळ उच्चारलं नाही, ते मीच लिहितो. मी प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काच धुतली. आणि आता लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो, की माझ्यासारखी कुणी धुतली नसेल. गर्व म्हण, चालेल. आधी साबणाच्या पाण्यात भिजवायचं, मग मानेपर्यंत जाणाऱ्या ब्रशनं घासायचं, मग नळाखाली सात वेळा, मग शुद्ध पाण्यानं तीन वेळा, आणि मग फ्लास्क उलटा करण्याआधी उजेडाला धरायचा. पाणी काचेवर एकसारखं पसरून खाली उतरलं तर काच स्वच्छ. कुठं एक थेंब जरी अडून बसला तर तिथं काहीतरी चिकटलेलं आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ही खोड माझ्या इतकी अंगात मुरली की कुणाच्या घरी पाण्याचा पेला दिला तरी मी तो आधी खिडकीकडे धरतो. तुझी आई त्या वेळी भिंतीकडे बघत बसते. धुण्याची खोली आणि शेकरची खोली यांच्यात एकच भिंत होती. एखाद्या फ्लास्कची पकड ढिली झाली तर शेकरच्या घरघरीत बारीकशी टकटक मिसळायची. ती मला घासता घासता ऐकू यायची आणि मी ओल्या हातांनी जाऊन सांगायचो, मागच्या रांगेत बघा. प्रत्येक वेळी मागच्या रांगेतच असायचं असं नाही, पण टकटक असायचीच.

आता तो कोट. तू आठ वर्षांची होतीस, शाळेला सुट्टी होती, आई तिच्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती आणि तुला घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून मी तुला कामावर घेऊन आलो. दारातच मी थांबलो. तुझ्या बाबांचा रबरी अॅप्रन आणि कोपरापर्यंत साबणात बुडालेले हात तू बघणार, हे मला सोसेना. पेशी मोजायचं काम करणारे काका होते, आठवतात ना, जाड भिंगांचा चष्मा घालणारे. त्यांना काय कळायचं ते कळलं. त्यांनी आपला पांढरा कोट उतरवून माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "आज माझी तब्येत बरी नाही, तुम्हीच दाखवा तिला." बाह्या मला बोटभर लांब होत्या. मी तुला शेकरचं झाकण उघडून दाखवलं. वीस फ्लास्क एका तालात गोल फिरत होते, प्रत्येकात तळाला जरासं गुलाबी पाणी, वर नुसती हवा. तू विचारलंस, पूर्ण का नाही भरत? मी रुबाबात सांगितलं, की पाच भागांतला एकच भाग पेशींचं खाद्य, बाकी हवा, नाहीतर पेशी गुदमरतात. आणि हलवत राहायचं, नाहीतर त्या तळाशी बसतात. हे सगळं मी भिंतीपलीकडून ऐकून शिकलो होतो. मग काकांनी तुला स्टुलावर उभं करून मायक्रोस्कोपमधून चौकोन दाखवले. निळा रंग टाकला की मेलेल्या पेशी तो आत घेतात आणि निळ्या दिसतात, जिवंत घेत नाहीत, त्या चमकतात. वरच्या आणि डाव्या रेषेला चिकटलेल्या मोजायच्या, खालच्या आणि उजव्या रेषेवरच्या सोडायच्या, म्हणजे एकही दोनदा मोजली जात नाही. तू एकशे चार सांगितल्यास. काकांनी पुन्हा मोजून पाहिलं, एकशे चारच निघाल्या. त्या दिवशी घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

पुढच्या महिन्यात तुझ्या शाळेच्या फाटकात तुझ्या बाईंनी मला थांबवलं. तू निबंधात लिहिलं होतंस, "माझे बाबा शास्त्रज्ञ आहेत. ते पेशी वाढवतात आणि त्यांना झोके देतात." बाई म्हणाल्या, "आम्हाला माहीतच नव्हतं, केवढी अभिमानाची गोष्ट!" मी म्हणालो, "हो." एवढंच. त्या एका अक्षरावर मी पुढची वर्षं काढली. तुझ्या मैत्रिणींच्या घरच्यांनी विचारलं की मी "लॅबमध्ये आहे" म्हणायचो, आणि ते काही खोटं नव्हतं. तुला पुन्हा कधी कामावर नेलं नाही. तू हट्ट धरलास तेव्हा जंतूंचं भय घातलं. बाराव्या वर्षी तू एकाएकी स्वतःचा पेला स्वतः धुवायला लागलीस, तोही इतक्या वेळा की आई ओरडायची, टाकी रिकामी करशील. मी हसून म्हणायचो, धुऊ दे, माझ्यावर गेलीय. त्यात आणखी काही असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मग तू खरोखरच त्याच वाटेला गेलीस. आणि दीड वर्षापूर्वीचे ते तीन महिने आले. तू रोज आईला फोन करायचीस, मी शेजारी पेपर वाचत असल्यासारखा बसायचो आणि सगळं ऐकायचो. तुझ्या पेशी मरत होत्या. एकाच दिवशी, एकाच खाद्यात, एकाच शेकरमध्ये लावलेले आठ फ्लास्क, त्यातले पाच छान वाढायचे आणि तीन तिसऱ्या दिवशी निळे पडायचे. पुढच्या खेपेला भलतेच दोन. तू वेग कमी केलास, तर पेशी तळाशी बसून गुठळ्या धरायला लागल्या. वाढवलास, तर फेस व्हायला लागला. खाद्य बदललंस, तापमान तपासलंस, कोपऱ्यातले फ्लास्क मधे आणि मधले कोपऱ्यात ठेवून पाहिलेस. तुझ्या गाईडबाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत वाट बघू, नाहीतर विषय बदलू, या पेशींना हलणं मानवत नाही. चार वर्षांच्या कामावर पाणी फिरणार होतं. आई तुला सांगत होती, दोन दिवस घरी येऊन जा, झोप काढ. तू म्हणालीस, "आई, रविवारीही मोजावं लागतं गं. त्यांना कुठं रविवार कळतो?"

आणि पुढच्याच रविवारी सकाळी तू फोन केलास आणि आईला म्हणालीस, "बाबांना दे." मी फोन घेतला. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही चौतीस वर्षं काच धुतलीत. तुम्हाला काय वाटतं, काय होत असेल?" अगदी सहज म्हणालीस, जसं काही आपण रोज त्यावर बोलत आलोय. मी पलंगाच्या कडेवर बसलो.  हिला कधी कळलं, कुणी सांगितलं, किती दिवस माहीत आहे, हेच डोक्यात फिरत राहिलं. तुला वाटलं असेल मी विचार करतोय. विचार मी करतच नव्हतो. पण तोंडातून प्रश्न निघाला, आणि तो चौतीस वर्षांच्या सवयीनं निघाला: "तुझ्याकडच्या फ्लास्कमध्ये सगळ्यात चकचकीत कुठले आहेत?" तू गोंधळलीस. मग फोन तसाच ठेवून कपाटाकडे गेलीस. परत आलीस तेव्हा तुझा आवाज बदललेला होता. म्हणालीस, चौदा आहेत, नवे असल्यासारखे दिसतात, तीन महिन्यांपूर्वी खालची रसायनांची खोली बंद झाली तेव्हा तिथून वर आणले.

तो प्रश्न मला कसा सुचला, हे मी तुला नीट कधी सांगितलं नाही. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षाची गोष्ट, तू जन्मायच्या आधीची. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, यांच्याकडे बाहेरून पाहुणे येणार होते. मला हौस, की माझी काच त्यांच्या डोळ्यांत भरली पाहिजे. मी रसायनवाल्यांकडून ते नारिंगी क्रोमिक आम्ल मागून आणलं, कुणाला न विचारता चाळीस फ्लास्क त्यात रात्रभर बुडवले, आणि सकाळी माझे सात आणि तीन वेळा पाण्यातून काढले. काय चमकले म्हणून सांगू! पाहुण्यांनी एक हातात घेऊन विचारलंसुद्धा, नवे घेतलेत का? मी कोपऱ्यात उभा राहून फुगलो. चौथ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि मायक्रोस्कोपसमोर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यातून बघितलं. सगळं निळं होतं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "या आम्लातला क्रोम काचेला चिकटून बसतो. डोळ्यांना दिसत नाही, पाण्यानं जात नाही, पण पेशींना कळतो. तुमचं काम संपतं तिथून माझं सुरू होतं. तुमचं चुकलं तर माझंही चुकतं, आणि मी मात्र आठ दिवस खाद्याला दोष देत बसते." त्या चाळीस फ्लास्कना मी नंतर उकळलं, महिनाभर पाणी बदलून भिजवलं, काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून मी काचवाले काच कापायला वापरतात ती हिरकणी विकत आणली आणि प्रत्येक फ्लास्कच्या तळाशी बारीक क्रमांक कोरायला लागलो. वहीत लिहायचो: कुठून आला, कशानं धुतला, कुणी वापरला. सगळे हसायचे, बाटल्यांची जनगणना चालली आहे म्हणायचे. मी हसू दिलं. पण तेव्हापासून चमकणाऱ्या काचेवर माझा विश्वास राहिला नाही.

तुमच्याकडे फ्लास्कना क्रमांक नव्हते. तुम्ही पेशींची नोंद ठेवत होता, खाद्याची ठेवत होता, पण त्या कुठल्या काचेत वाढल्या हे कुणीच लिहीत नव्हतं. मी म्हणालो, क्रमांक कोर. सहा चकचकीत घे, सहा साधे घे, बाकी सगळं सारखं ठेव, आणि रोज मोज. तू दुसऱ्या दिवशी लावलेस. मग ते चार दिवस! मी कॅलेंडरचं मागचं पान फाडून भिंतीला चिकटवलं आणि आलेखाच्या रेषा आखल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांत सारख्याच, तीन लाख. दुसऱ्या दिवशी साध्यांत सहा आणि चकचकीतांत पाच. माझं अवसान गळालं. म्हटलं, म्हातारपणी उगाच शहाणपण शिकवायला गेलो, पोरीचा आठवडा खाल्ला. त्या दुपारी मी घरातले सगळे पेले घासून काढले. तिसऱ्या दिवशी साध्यांत तेरा, चकचकीतांत अजून पाचच. चौथ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा तू आकडे सांगण्याआधी नुसती हसत होतीस. साध्यांत सव्वीस लाख, शंभरातल्या सत्त्याण्णव जिवंत. चकचकीतांत तीन लाख, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त निळ्या. मी कॅलेंडरवर दोन्ही रेघा ओढल्या. आईनं लांबून बघितलं आणि विचारलं, "यातली आपली कुठली?" मी म्हणालो, दोन्ही आपल्याच. तेच कॅलेंडर अजून भिंतीला आहे. रंग देणाऱ्यालाही मी ते काढू दिलं नाही.

मी तेव्हा "काच धुतलीत" या तुझ्या शब्दांबद्दल पुन्हा काही विचारलं नाही, आणि तूही विषय काढला नाहीस. दीड वर्ष आपण दोघंही अगदी शहाण्यासारखे वागलो. मग बुधवारी प्रबंध आला आणि शुक्रवारी मी आभाराचं पान उघडलं. "फ्लास्कना क्रमांक देण्याची पद्धत आणि चौथ्या प्रकरणातल्या दोषाचं निदान माझ्या वडिलांचं आहे. ते चौतीस वर्षं प्रयोगशाळेत काच धुण्याचं काम करत होते." मी ते तीनदा वाचलं. आनंद झाला का? झाला. पण खरं सांगतो, आधी राग आला. वाटलं, पहिलं वाक्य पुरे नव्हतं का? दुसरं कशाला लिहिलंस? ते मोठमोठे परीक्षक वाचणार, तुझ्याकडे बघणार, मग माझ्याकडे वळून माझे हात बघणार. तुझं नाव माझ्या साबणानं कमी होईल असं वाटलं. आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, या म्हणून. गुडघा तिथून आला.

आज सकाळी तुझ्या आईचा धीर संपला. तेलाची बाटली माझ्यासमोर आपटून म्हणाली, "पुरे आता." आणि मग जे सांगितलं ते मी सकाळपासून मनात घोळवतो आहे. तू सातवीत होतीस. मी एक दिवस चष्मा घरी विसरलो होतो आणि तू तो द्यायला शाळेतून परस्पर लॅबवर आली होतीस. पहारेकऱ्यानं मागच्या बाजूला पाठवलं. धुण्याच्या खोलीला खिडकी होती. तू तिथं उभी राहिलीस. मग चष्मा तसाच घरी घेऊन आलीस, आणि आईला काय म्हणालीस? बाबा खोटं बोलले असं नाही म्हणालीस. म्हणालीस, "आई, बाबा एक बाटली दहा वेळा धुतात. मी मोजलं. सात वेळा नळाखाली आणि तीन वेळा दुसऱ्या पाण्यानं. कुणी बघत नसतं तरी." आणि मग म्हणालीस, "मी पाहिलं म्हणून त्यांना सांगू नकोस हं, त्यांना वाईट वाटेल." आईनं सतरा वर्षं पाळलं. ती म्हणाली, "तुम्ही तो कोट एक दिवस घातलात. पोरीनं तो सतरा वर्षं सांभाळला. आता तरी उतरवा."  मी गच्चीवर गेलो आणि टाकीच्या आडोशाला मनसोक्त रडलो. तू बारा वर्षांची, खिडकीबाहेर, हातात माझा चष्मा. आत यायचं होतंस गं. मी तुला हात पुसायला फडका दिला असता आणि आपण दोघांनी मिळून धुतल्या असत्या.

तर उत्तर हे. आम्ही येतोय. चोवीसच्या संध्याकाळी पोहोचू, तिकिटं आईनं परवाच काढून ठेवली होती, मला विचारलं नाही. कोट वगैरे काही शोधून ठेवू नकोस. मी माझा रोजचा शर्ट घालणार आहे, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. परीक्षेच्या सकाळी मला आधी तुमच्या धुण्याच्या खोलीत ने. तिथं जे कुणी काम करत असेल त्यांना मला भेटायचं आहे. सोबत हिरकणी आणतो आहे, ती आता तुझी. आणि मग हॉलमध्ये परीक्षकांना माझी ओळख करून देशील तेव्हा नुसतं "हे माझे बाबा" म्हणून थांबू नकोस. दुसरं वाक्यही मोठ्यानं म्हण. मी पहिल्या रांगेत असेन, आणि त्यांनी विचारलं, खरं का, तर या वेळीही मी "हो"च म्हणेन.

तुझाच,
काच धुणारा बाबा

ता. क. आईनं विचारलंय, तुमच्या खोलीत पेले किती आहेत. तिचं म्हणणं, मी पोहोचण्याआधी लपवून ठेव.